कानाशी धरलेला माईक

१

माईक घरी करायची काही गरज नसते. हे मी सांगतोय, ज्याचं सुट्या भागांचं दुकान आहे आणि ज्याच्याकडे लोक नेमकं त्याचंच सामान घ्यायला येतात. तयार माईक बाजारात मिळतो, बरा असतो, स्वस्तही पडतो. तरी आम्ही रेडिओवाले घरी करतो. तयार माईक एकदा घेतला की विषय संपला. घरचा माईक मात्र कायम थोडासा सुधारायचा राहिलेला असतो. दुकान त्यावर तर चालतं.

आमचा छंद असा: प्रत्येकाच्या घरी एक बिनतारी यंत्र, छपरावर एक तार, आणि रोज सकाळी ठरल्या वेळी हवेत गाठ. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. त्यामुळे आपला आवाज हवेत कसा जातोय ते आपल्याला कधीच कळत नाही. समोरच्याला विचारायचं, "कसा येतोय?" आणि तो सांगेल ते खरं मानायचं. हा सगळा धंदा विश्वासाचा. एका गिऱ्हाइकाने पावडरच्या डब्यात माईक बसवला होता. सगळे त्याला सांगायचे, बाबा रे, बाथरूममध्ये बसल्यासारखा येतोस, डब्यात कापूस भर. त्याने कापूस भरला, फेल्टचं कापड लावलं, डबा बदलला. शेवटी वैतागून म्हणाला, "अहो, मी बाथरूममध्येच बसतो. बायको दुसरीकडे बसू देत नाही."

आमच्याकडे तशी अडचण नव्हती. आमची ही त्याच खोलीत खिडकीशी बसायची. पुढ्यात परात, परातीत दुकानातले रेझिस्टर, म्हणजे सर्किटातले तांदळाएवढे भाग, आणि त्यांच्यावरचे रंगीत पट्टे बघून ती पाकिटं भरायची. मला चष्मा लावूनही जे दिसत नाही ते ती बोलता बोलता करायची. बोलणं तर चालूच. मी हवेत कुणाशीही बोलत असलो तरी मागून तिचा शेरा ठरलेला.

पलीकडे बहुतेक करून मास्तर असायचे. दुसऱ्या गावचे, निवृत्त शाळामास्तर. वर्षानुवर्षं रोज बोललो, तोंड कधी पाहिलं नाही. त्यांचा कान असा तिखट की माझ्या माईकच्या जाळीचा एक स्क्रू सैल आहे हे त्यांनी तिकडून सांगितलं होतं, आणि तो होता.

"शेठ, आज आवाज जरा खरखरीत येतोय," असं मास्तर म्हणाले की ही मागून म्हणायची, "त्यांना सांगा, दाढी केलेली नाही."

"वहिनी काय म्हणाल्या?" मास्तर विचारायचे. कारण त्यांना ती नीट ऐकू यायची नाही. माझे माईक चांगले होते ना. चांगला माईक तो, जो फक्त तोंडापुढचं घेतो आणि मागची खोली बाहेर ठेवतो. त्यासाठीच तर आम्ही एवढा खटाटोप करतो.

२

पुढे खरखर तिच्याच आवाजात आली. सर्दी म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. मग मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. आत गाठ आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल.

"आणि बोलणं?" मी विचारलं.

"बोलणं राहणार नाही."

ती माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "याआधी का नाही काढलीत? ह्यांनी नवस केला असता." डॉक्टरांना हसावं की नाही कळेना. परत येताना मात्र वाटभर ती काही बोलली नाही. पुढचं सगळं कसं असेल ते मला तेव्हा कळलं.

माझ्या मनानं एकच घेतलं. आवाज जाणार तर जाऊ दे, पण ठेवून घ्यायचा. आवाजाचंच सामान विकणारा माणूस मी. माझ्या घरातला आवाज मला ठेवता येऊ नये?

दुकानातला उत्तम माईक आणला, तिच्यापुढे ठेवला, म्हटलं बोल. ती ताठ बसली. पदर सारखा केला. "नमस्कार," म्हणाली, "मी बोलते आहे." मी म्हटलं, अगं, नेहमीसारखं बोल. ती म्हणाली, "नेहमी माझ्यापुढे कुणी डबा धरून बसतं का?" तेवढं मात्र तिचं होतं, आणि तेव्हा टेप बंद होती. नंतर ते भरलेलं वाजवलं तर तीच विचारते, "ही कोण बाई?"

माईक समोर असला की ती ती नसायची. तिचा खरा आवाज माझ्या पाठीमागे असायचा, मी दुसऱ्याशी बोलत असताना, परातीवरून. मग मी ठरवलं की तिथूनच घ्यायचा. घरात टेप दिसली की ती पुन्हा ताठ व्हायची; पण मास्तर सकाळचं बोलणं हौसेनं टेपवर भरून ठेवायचेच. मला फक्त एक वाईट माईक करायचा होता. सगळी खोली आत घेणारा. आयुष्यभर जे शिकलो त्याच्या बरोबर उलटा.

३

दुकानाच्या माळ्यावर जुन्या टेलिफोनांचं एक पोतं होतं. एका कचेरीनं भंगारात काढले ते मी उचलले होते. त्यातली ऐकायची डबी घेतली, म्हणजे कानाशी धरतो ती बाजू. आत एक लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारखी तार, आणि वर लोखंडाचा पातळ पत्रा. वीज सोडली की पत्रा थरथरतो आणि आवाज बाहेर येतो. उलट आपण त्याच्यापुढे बोललो तरी पत्रा थरथरतोच, आणि वीज तयार होते. ऐकवायची वस्तू ऐकूही शकते. गिऱ्हाइकांना मी हे नेहमी सांगायचो, आणि ही लगेच म्हणायची, "नवरे सोडून."

डबी चहाच्या गाळणीत बसवली. मागे भोकं ठेवली, कापूस काढून टाकला, चांगल्या माईकमध्ये जे जे घालतात ते ते सगळं वगळलं. कथलाचे डाग दिले, वायर यंत्राला जोडली आणि सकाळी बटण दाबलं.

"शेठ, हे काय केलंत?" मास्तर म्हणाले. "घड्याळ येतंय. खाली कुणीतरी बादली ओढतंय. खिडकीत पारवे आहेत का?"

"आहेत. आणि ही?"

"वहिनी नाहीत."

"अहो, आत्ता बोलली ना. तुम्हाला म्हणाली, मास्तर, तुम्ही चहा पिताय आणि आम्हाला आवाज."

"नाही बुवा. थांबा, वाजवून दाखवतो."

ही आमच्यातली पद्धत. आपलं बोलणं समोरचा भरून घेतो आणि हवेतून आपल्यालाच ऐकवतो. तेवढाच काय तो आरसा. मास्तरांनी वाजवलं. माझा आवाज आला, घड्याळाची टकटक आली, पारवे आले. मग काहीच नाही. टकटकही नाही. पाठीमागची बारीक सळसळ असते ना, तीही नाही. कात्रीनं कापून काढल्यासारखी एक जागा. आणि मग परत टकटक.

ती जागा तिच्या वाक्याएवढी होती.

मी काही भुताखेतांचा माणूस नाही. जवळचा मोठा आवाज आला की सर्किट गुदमरतं, हे दुकानात बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मी जोर कमी केला. माईक तिच्यापासून लांब नेला. डबी बदलली. खोली जास्त जास्त स्पष्ट होत गेली. शेवटी शेवटी मास्तरांना परातीत पडणारे रेझिस्टरसुद्धा ऐकू यायला लागले. पण ती बोलली की कात्री.

"माईकचा पडदा नाजूक असेल," मास्तर म्हणाले. "बायकांचे आवाज बारीक असतात."

"माझा आवाज बारीक?" मागून ही म्हणाली. तेही त्यांच्यापर्यंत गेलं नाही.

इस्पितळात जायच्या सकाळी मी पिशवी भरत होतो. खोलीत आलो तर ती माईकपाशी वाकून काहीतरी बोलत होती, अगदी हळू. यंत्र बंद होतं.

"अगं, बटण न दाबता कुणाशी बोलतेस?"

"तुम्हाला काय करायचंय," ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.

४

ऑपरेशन नीट झालं. ती घरी आली. मानेला पुढून एक भोक, श्वास तिथून. त्यावर पातळ सुती कापड. नाकातोंडातून वारा यायचा नाही, म्हणून तिला साधी फुंकरही मारता येईना. चहा गार व्हायची वाट बघत बसायची. लिहायला पाटी आणली होती, ती तिनं फक्त सामान सांगायला वापरली. म्हणजे "साबण", "दोरा". बाकी ओठ हलवायची आणि मी चुकीचं समजायचो. ती कपाळाला हात लावायची. पूर्वी त्या जागी एक टोमणा असायचा.

थोडी सावरल्यावर ती परत परातीशी बसायला लागली. एका सकाळी मीही यंत्र लावलं. माईक गाळणीचाच होता. दुसरा जोडायची उमेद कुणाला होती? बटण दाबलं, मास्तरांना ऑपरेशनचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, बटण सोडलं.



"शेठ, अशी थट्टा करू नये," मास्तर म्हणाले.

"काय झालं?"

"वहिनींचं ऑपरेशन म्हणून मी दोन दिवस जेवलो नाही हो. आणि तुम्ही सांगताय बोलणं गेलं. वहिनी मागे एवढ्या बोलतायत."

मी वळून पाहिलं. ती खाली मान घालून पट्टे बघत होती. मानेवरचं कापड आत-बाहेर होत होतं. तेवढाच आवाज.

"काय बोलतेय?"

"घरचंच काहीतरी. पंखा कमी करा, पाकिटं उडतायत, असं."

थंडी होती. आमचा पंखा बंद होता.

मी म्हटलं, वाजवा. त्यांनी वाजवलं. मी, माझं इस्पितळ, घड्याळ, पारवे. संपलं.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "किती स्वच्छ आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नीट ऐकलं."

"मास्तर, मला ऐकू नाही आलं."

"परत वाजवतो."

त्यांनी परत वाजवलं. पुन्हा पुन्हा वाजवलं. मी कान यंत्राला टेकवला. काही नव्हतं.

५

व्यापाऱ्यानं मालाची पारख करावी, घाबरू नये. मास्तरांच्या टेपा जुन्या, एकावर एक भरलेल्या; मागचं काही राहिलं असेल. पण पूर्वी तर ती त्यांच्या टेपेवर आलीच नव्हती. मग मी कप्तानांना बोलावलं. हे आमच्यातले दुसरे, जहाजावर वायरलेस चालवलेले, कुणालाही बरं वाटावं म्हणून न बोलणारे.

"बाई आहे तुमच्या मागे," ते म्हणाले. "पाहुणी आलीय का?"

दुकानातला तयार माईक लावला. बाई नाही. गाळणीचा लावला. बाई आहे.

हळूहळू सकाळच्या गप्पांना माणसं वाढली. काही न बोलता नुसती ऐकत बसायची. कुणी जाता जाता म्हणायचं, वहिनींना सांगा आज हसू आलं. कुणी म्हणायचं, वहिनींचं बरोबर आहे, शेठ, तुम्ही कुणाचं ऐकत नाही. सगळ्या गावोगावच्या लोकांकडे तिचा आवाज होता. मी सोडून. ज्याच्या पाठीमागे तो असायचा त्याच्याकडेच तो नव्हता. खोलीत मी आणि ती, आणि कापडाचा तो आत-बाहेर श्वास.

मग मी पुन्हा कामाला लागलो. म्हटलं, अजून थोडा सुधारला तर मलाही येईल. घरच्या माईकचं असंच असतं. पत्रा घासून आणखी पातळ केला. गाळणीची जाळी काढून जास्त बारीक बसवली. चुंबक आणि पत्रा यांच्यामधली जागा सिगारेटच्या कागदाइतकी आणली.

"वहिनी आता अगदी समोर बसल्यासारख्या येतात," मास्तर म्हणाले. "पण शेठ, तुम्ही लांब गेलात."

"मी तर तोंड लावून बोलतोय."

"असेल. पण लांबून येता. पायऱ्यांवरून बोलल्यासारखे."

प्रत्येक सुधारणेला तेच. ती जवळ, मी लांब. एकदा मी विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं. "मास्तर, ती बोलते कुणाशी?"

"तुमच्याशीच की."

"मी तर तुमच्याशी बोलतोय."

बटण सोडून मी थांबलो. 

"त्यांच्याशी बोलतो तो तुमचाच आवाज आहे, शेठ," मास्तर म्हणाले. "त्या काहीतरी म्हणतात आणि तुम्ही हसता. मी समजत होतो, तुम्ही बटण दाबून मध्ये मध्ये त्यांच्याशी बोलता."

"मी हसलो नाही. इस्पितळातून आल्यापासून मी हसलेलो नाही."

"आत्ताही," मास्तर म्हणाले आणि थांबले. "आत्ता तुम्ही हे बोलत होतात, तेव्हाही तो मागे हसत होता."

त्यानंतर मास्तर काही दिवस हवेत येणार नाही असं म्हणाले. डोळ्याचं काही काम आहे म्हणाले. मी बरं म्हटलं. त्यांच्यासारख्या माणसाला खोटं बोलायला किती त्रास होतो ते त्यांच्या आवाजात स्पष्ट येत होतं.

६

मास्तर यायचे थांबल्यावर मी यंत्र लावणं सोडलं. माईकची वायर काढून गुंडाळून ठेवली.

एके दिवशी दुपारीच दुकान बंद करून घरी आलो. चपला काढल्या आणि खोलीच्या दारात थांबलो.

ती खिडकीशी बसली होती. परात बाजूला. हातात माईक. तोंडाशी नाही; टेलिफोन धरतात तसा कानाशी. वायरचं गुंडाळं तिच्या मांडीवर होतं. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

ती ऐकत होती. मान किंचित वाकडी करून, ओठ अर्धवट उघडे. मग ओठ हलले, काहीतरी म्हणाली, पुन्हा ऐकलं. आणि खांदे हलवून हसली. घशातून काही आलं नाही, फक्त कापड फडफडलं. पुढचं ऐकायला तिनं डबी कानाशी घट्ट दाबली, जशी एखादी मुलगी माहेरचा फोन धरते.

मी आत गेलो नाही. चपला घातल्या आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

पुढे ते रोजचं झालं. मी असलो की ती धरायची नाही; मी बाहेर पडलो की धरायची, हे मला डबीच्या उबेवरून कळायचं. तब्येत सुधारत होती. जेवण वाढलं. शेजारीण म्हणाली, बाई, किती टवटवीत झालात. फक्त माझ्याकडे बघून ओठ हलवणं तिनं बंद केलं. पाटीसुद्धा लागेना. मी काही चुकीचं समजलो तरी कपाळाला हात लावेना. जिथं आपलं बोलणं पोचत नाही तिथं माणूस कशाला बोलेल? तिचं पोचत होतं तिकडे, गाळणीतल्या त्या डबीत.

मी मत्सरी माणूस नाही. शेजारच्या दुकानदाराकडे गर्दी असली तरी त्याला चहा पाठवतो. पण त्या दिवसांत मला कुणाचा तरी हेवा वाटायचा, आणि तो कोण ते मास्तरांनी सांगून ठेवलेलं होतं. स्वतःवर जळायचं तरी कसं? दगड कुठे मारायचा?

७

एकदा भर दुपारी ती आत अंघोळीला गेली. तिला अंघोळीला वेळ लागायचा, मानेत पाणी जाऊ नये म्हणून. माईक परातीत तसाच होता, उबदार. मी खिडकीशी तिच्या जागी बसलो आणि तो कानाशी धरला.

आधी नुसता घुमारा. रिकामा पेला कानाशी धरला तरी येतो, तसला. मी स्वतःला म्हटलंसुद्धा, पेलाच आहे.

मग घड्याळ. आमचंच, पण खोलीतल्या घड्याळाशी न जुळणारं; एक टकटक इथे, एक तिथे. मग पंखा. मग परातीत काहीतरी पडलं, टिण.

आणि ती म्हणाली, "हे पिवळ्याचं पाकीट कुणी भरलं? तुम्ही ना? यात निम्मे जांभळे आहेत."

मी डोळे मिटले. खरखर नव्हती. आजारी पडायच्या आधीचा आवाज. वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारा. तो तसा वर जायचा हे मी विसरलो होतो. कितीतरी महिने तो आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न करत होतो आणि तेवढंच मला सापडत नव्हतं.

"उजेड कमी होता," पुरुषाचा आवाज आला. तोंडात चहा होता.

"उजेड नाही, चष्मा. दोन्ही असते तर डोकं कमी पडलं असतं." तो हसला. तीही हसली, घशातून, मोकळं. मग ती त्याला खालच्या मजल्यावरच्या बाईचं काहीतरी सांगायला लागली. त्यात काही नव्हतं. कुणी दोरी तोडली, कुणाचे कपडे पडले. तो हं हं करत होता, न ऐकता, आणि मला त्याचा असा राग आला. मला त्याला सांगायचं होतं, अरे गाढवा, ऐक. नुसता हं हं करू नकोस. एकेक शब्द ऐक.

मी रडत होतो. आवाज होऊ नये म्हणून तोंड दाबून धरलं होतं, पण श्वास कुठे दाबता येतो? तो जाळीवर पडत होता.

आतलं बोलणं थांबलं.

"कोण आहे हो?" ती म्हणाली. दुकानात कुणी अनोळखी फार वेळ रेंगाळला की ती ज्या आवाजात मला विचारायची, तो.

"कुणी नाही."

"आहे. श्वास ऐकू येतोय."

मला बोलायचं होतं. मीच आहे गं, एवढंच.  पण तो तर तिच्यापाशी बसलेला होता. मी कोण म्हणून सांगणार होतो?

"मला नाही आवडत हे असं," ती हळूच म्हणाली. ती घाबरली होती. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं ऐकलं नव्हतं, इस्पितळातसुद्धा नाही. "दार लावून घ्या."

पावलं निघाली. माझी एक टाच जरा घासत पडते, तशी. ती जवळ येत गेली, जवळ, अगदी कानाशी येऊन थांबली. तिकडून कुणीतरी बघतंय असं वाटलं. कुणी घरात शिरू नये म्हणून मी बघेन तसं.

मग दार लागलं. कडी बसली.

त्यापुढे नुसता पत्रा होता.

८

ती ओले केस पुसत आली. मी माईक परातीत ठेवला होता, पण तिच्या जागेवरून उठलो नव्हतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माईक उचलला. माझ्यापुढेच कानाला लावला. आता लपवायचं काय होतं.

थांबली. दुसऱ्या कानाला लावला. तळहातावर आपटला, परत लावला. बोटांनी जाळी पुसली. मग ओठ हलवून काहीतरी म्हणाली, थांबली, पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा तेच. मला तिचे ओठ कधी वाचता आले नव्हते, पण हे आलं. ती म्हणत होती, "अहो. अहो."

ती हाक मला नव्हती.

मी माईक खोलला. तार ठीक होती, चुंबक ठीक होता, डाग ठीक होते. तिच्या देखत पुन्हा बसवला. पोत्यातल्या दुसऱ्या डब्या आणून जोडल्या, एकामागून एक. ती प्रत्येक डबी कानाला लावायची आणि परत द्यायची. खिडकीतला उजेड परातीवरून सरकत भिंतीवर गेला. शेवटी तिनं पहिलीच डबी घेतली, गाळणीतली, आणि माझ्या कानाला लावली. भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. हवेत आम्ही रोज एकमेकांना विचारायचो तो प्रश्न. कसा येतोय?

मी ऐकलं. पत्र्यापलीकडे लाकूड असल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्या लाकडाला पलीकडून कुणी कान लावून, श्वास रोखून उभं असल्यासारखं.

"येतोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. ओठांनी विचारलं, काय म्हणतेय ती?

आता काय सांगू? सबंध आयुष्य ती माझ्या पाठीमागे बोलली आणि मला तिचं एक वाक्य धड करता येईना. "म्हणतेय," मी म्हटलं, "म्हणतेय की, ह्यांनी जेवून घ्यावं. काळजी करू नये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली. नाही. असं ती म्हणणार नाही.

तिनं डबी पुन्हा माझ्या कानाशी दाबली. मी पुन्हा ऐकायला लागलो.